नवीन माणूस टिकावा म्हणून: आमच्या कारखान्यात सारखे येणारे प्रश्न

आधी थोडक्यात, हे कोण सांगतंय ते. गोव्यातल्या कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमधे आमचं कार्टन छापायचं युनिट आहे, बहुतेक माल औषध कंपन्यांना जातो, सगळी मिळून सत्तर-बहात्तर माणसं. मी कागदावर एचआर, पण पगार, हजेरी, पाण्याचा टँकर आणि कॅन्टीनवाल्याशी भांडण हे सगळं माझ्याकडेच. इस्टेटमधले दुसऱ्या युनिटवाले, आमचेच सुपरवायझर, कधी नव्याने लागलेली मुलं, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. ज्यांच्याकडे ट्रेनिंगचं वेगळं डिपार्टमेंट आहे त्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल.

कंपनीची मूल्यं म्हणजे नक्की काय हो? ती भिंतीवर लावतात तीच ना?

आमच्याकडेही होती. इंटेग्रिटी, एक्सलन्स, पॅशन, टीमवर्क. सोनेरी अक्षरांत, म्हापशाहून फ्रेम करून आणलेली, रिसेप्शनच्या वर. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं की त्या फ्रेमवर काय लिहिलंय, तर रोज तिच्याखालून जाणाऱ्या एकालाही चारही सांगता आली नाहीत, मालकांना तीन आली, आणि खरं सांगायचं तर चौथं मलाही मागे वळून बघावं लागलं.

एन्रॉन हे नाव आपल्याला दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे चांगलंच ठाऊक आहे. त्या कंपनीची पण चार मूल्यं होती, आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. जुलै २००० मधे त्यांनी ६४ पानांची नीतिनियमांची पुस्तिका काढली होती, आणि २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे शब्द चांगले असून भागत नाही.

माझ्या मते मूल्य म्हणजे असं वागणं जे पाळताना कधीतरी खिशाला नाहीतर अहंकाराला चटका बसतो आणि तरी आपण ते पाळतो. चटका कधीच बसला नाही तर ते नुसतं डेकोरेशन.

मग तुमची कोणती आहेत?

चार वाक्यं आहेत, आणि मुद्दाम शब्द न घेता वाक्यं घेतली. चूक झाली तर लपवायची नाही, सांगायची, आणि सांगणाऱ्यावर ओरडायचं नाही. नवीन माणूस पहिला आठवडा एकटा जेवणार नाही. दिलेली वेळ पाळता येत नसेल तर वेळ टळायच्या आधी सांगायचं, मग ती डिस्पॅचची असो की ड्युटीवर यायची. आणि कोणाच्या गावावरून, जातीवरून, धर्मावरून, बोलण्याच्या ढबीवरून मस्करी नाही.

बस एवढंच. पाचवं घालावं का म्हणून खूप चर्चा झाली होती, स्वच्छतेवर काहीतरी, पण ते मग हाऊसकीपिंगच्या चेकलिस्टमधे टाकलं.

ही ठरवली कशी? कन्सल्टंट आणला होता का?

नाही. दोन गोष्टी घडल्या आणि आम्ही हललो.

पहिली म्हणजे सत्तरी तालुक्यातला एक मुलगा, आयटीआय झालेला, हुशार. पहिल्या दिवशी वाळपईहून पहाटेची बस, फोंड्याला बदलून दुसरी, असं करत साडेसातलाच गेटवर हजर. वॉचमनकडे त्याचं नाव नव्हतं कारण मी यादी द्यायला विसरले होते, हो, मीच. त्याने त्याला स्कूटर पार्किंगच्या शेडमधे बसवलं. मी नऊला आले, त्याच्याकडून फॉर्म भरून घेतले, सुपरवायझरच्या ताब्यात दिलं आणि माझ्या कामाला लागले. दुपारी कॅन्टीनमधे सगळी टेबलं भरलेली, ज्याचा त्याचा ग्रुप ठरलेला, पोरगा हात धुवायच्या बेसिनजवळ उभ्याने डबा खाऊन परत मशीनवर गेला. तिसऱ्या दिवशी आला नाही. फोन केला तर म्हणाला, मॅडम, काम कठीण नव्हतं, पण तिथं मी कोणाला दिसतच नव्हतो. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

दुसरी गोष्ट चुकीबद्दलची, ती खाली येईल.

मग आम्ही काय केलं, गेल्या वर्षभरात लागलेले आठ जण एका टेबलावर बसवले, दहा वर्षांच्या वर झालेले दुसऱ्या टेबलावर, आणि दोघांना एकच विचारलं, इथलं कोणतं वागणं बघून बरं वाटलं आणि कोणतं बघून घरी निघून जावंसं वाटलं. मालक मुद्दाम बाहेर. उत्तरं कागदावर घेतली. बरं वाटलेल्या गोष्टी साध्या होत्या, कोणी पावसात फाट्यापर्यंत गाडीवर सोडलं, कोणी मशीनचा आवाज ओळखायला शिकवलं. निघून जावंसं वाटलेल्या गोष्टींची यादी मात्र लांब झाली, आणि जवळजवळ सगळ्या त्या चार वाक्यांत बसल्या.

पहिल्या दिवशी नेमकं काय करता?

पहिला दिवस खरं म्हणजे आदल्या दिवशी सुरू होतो. संध्याकाळी मी स्वतः व्हॉट्सॲप करते, किती वाजता यायचं, पणजी-फोंडा बसने आलात तर कुठे उतरायचं, कोणत्या गेटने आत यायचं, गेटवर कोणाचं नाव सांगायचं, पायात बंद बूट पाहिजेत, अंगठी-कडं काढून या, आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि जुना पीएफ नंबर असेल तर तो. आणि शेवटी, जेवणाचं काय. कॅन्टीनमधे ताट मिळतं, सोमवारी नुस्तं (मासळी) नसतं, डबा आणायचा असेल तर गरम करायची सोय आहे. तुम्हाला वाटेल जेवणाचं कशाला लिहायचं, पण मी स्वतः एका ठिकाणी पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत उपाशी राहिलेय कारण विचारायची लाज वाटली.

जून ते सप्टेंबर असेल तर अजून एक ओळ, जादा मोजे आणा. आपल्याकडचा पाऊस रेनकोटला जुमानत नाही आणि ओल्या मोज्यांत आठ तास उभं राहणं ही शिक्षा आहे. स्टोअरमधे दोन-तीन साइजच्या चपला ठेवल्यात, मोजे सुकेपर्यंत ऑफिसात बसायला.

आल्यावर वॉचमनच त्याला नावाने हाक मारतो. हे त्याला शिकवायला वेळ लागला पण आता तो माझ्यापेक्षा चांगलं करतो, "ये रे बाबा, तुझीच वाट बघत होतो" म्हणतो, आणि त्या वाक्याने माझं अर्धं काम होतं. मग चहा. फॉर्म नंतर. आधी आम्ही फॉर्मचा गठ्ठा पुढे टाकायचो, पंधरा सह्या, म्हणजे माणसाने घरात पाऊल टाकलं की आधी पावती फाडल्यासारखं.

मग फ्लोअरवर एक फेरी, प्रिंटिंग, पंचिंग, पेस्टिंग, क्यूसी (मालाची तपासणी), डिस्पॅच. प्रत्येक ठिकाणी मी त्याची ओळख नाही करून देत, तिथला माणूस स्वतःची ओळख करून देतो आणि आपलं काम दोन वाक्यांत सांगतो. सगळी नावं लक्षात राहत नाहीत, पण आपल्यासाठी सत्तर माणसं दोन मिनिटं थांबली हे लक्षात राहतं. आणि पहिल्या दिवशी मशीनला हात नाही, म्हणजे नाहीच, माल कितीही अडलेला असो.

नव्या माणसाला बडी, म्हणजे सोबती, म्हणून कोणाला द्यायचं? सुपरवायझर चालेल ना?

नाही चालणार. ज्याच्या हातात कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की करणं, आहे त्याला माणूस "संडास कुठाय" हे पण दहादा विचार करून विचारतो.

बडी साधारण त्याच्याच वयाचा, दुसऱ्या मशीनवरचा, आणि शक्य तर त्याच बसलाइनवरचा. बसचं फार महत्त्व आहे. डिचोलीकडचे एकत्र येतात जातात, त्या पाऊण तासात जे शिकवलं जातं ते माझ्या कुठल्याही प्रेझेंटेशनमधे नसतं. सगळ्यात बडबड्या माणसाला बडी करू नका, आम्ही केलं होतं, त्याने पहिल्याच दिवशी कंपनीतल्या सगळ्या जुन्या भांडणांचा इतिहास सांगून टाकला.

आमच्याकडे मराठी, कोकणी, हिंदी, कन्नड, उडिया सगळेच आहेत. मीटिंग कोणत्या भाषेत घ्यायची?

हा गोव्यात भलताच नाजूक प्रश्न. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल काय, कोकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा काय, दोन्हीवर आमच्या कॅन्टीनमधे अजून टेबलं आपटली जातात, आणि मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली असल्याने माझं मत काय ते सगळ्यांना माहीत आहे. पण टूलबॉक्स मीटिंगमधे, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच्या छोट्या मीटिंगमधे, तो वाद आणायचा नाही.

आमचा नियम असा की गोलात उभ्या असलेल्यांपैकी ज्याला सगळ्यात कमी भाषा येतात त्याला समजेल ती भाषा. बहुतेक वेळा ती हिंदी होते, कधी कोकणी. आपल्या भाषेचा त्याने अपमान होत नाही. पाचजण आपसात कोकणीत हसतायत आणि झारखंडचा पोरगा मधे उभा राहून उगाचच हसल्यासारखं करतोय, हे दृश्य एकदा नीट बघितलं की नियम पटतो.

लेखी सूचनेचं अजून वेगळं. आम्ही वर्षानुवर्षं देवनागरीत नोटीस लावायचो आणि समजायचो की सगळ्यांनी वाचली. मग सासष्टीतल्या एका बाईंनी सांगितलं की मॅडम, आम्ही कोकणी वाचतो ती रोमी लिपीत, हे मला अक्षर लावत लावत वाचावं लागतं. अकरा वर्षं त्या कामाला होत्या. अकरा वर्षं कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आता सेफ्टीची प्रत्येक सूचना चित्रासकट, देवनागरीत आणि रोमीत.

मस्करीवर बंदी म्हणजे जरा जास्तच नाही का होत? माणसं हसणार कधी?

हसतात की, भरपूर. एकमेकांच्या फुटबॉल टीमवरून हसतात, माझ्या स्कूटरवरून हसतात. बंदी आहे ती "घाटी" (घाटापलीकडचा) आणि "भायलो" (बाहेरचा) या शब्दांवर, आणि उलट बाजूने "पाववाले" वगैरेवर. घाटी हा शब्द इथे इतका सहज तोंडात असतो की बोलणाऱ्याला तो टोचतोय हे कळतच नाही, सावंतवाडी-बांद्याहून रोज ये-जा करणारी पोरं, ज्यांच्या घरात आमच्यासारखंच हुमण (माशांची आमटी) शिजतं, त्यांना पण घाटी म्हणून मोकळे. आणि मजा अशी की तीच पोरं मग बेळगाववाल्याला घाटी म्हणतात.

पहिल्या वेळेला बाजूला घेऊन सांगतो, सगळ्यांसमोर नाही. दुसऱ्या वेळेला लेखी. एका जुन्या, चांगल्या ऑपरेटरला लेखी द्यावं लागलं, तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, पण कामही चोख केलं आणि तो शब्दही परत आला नाही.

चूक सांगणाऱ्यावर ओरडायचं नाही हे बोलायला सोपं, पण नुकसान होतं त्याचं काय?

हा मुद्दा आमच्या धंद्याचा गाभा आहे म्हणून जरा लांबण लावते.

औषधाच्या कार्टनमधे सगळ्यात मोठं पाप म्हणजे मिक्स-अप. एकाच कंपनीचं २५० मिलिग्रॅमचं आणि ५०० मिलिग्रॅमचं कार्टन दिसायला जुळ्या भावांसारखं असतं, फरक एका रंगाच्या पट्टीचा. एका जॉबचं एक जरी कार्टन दुसऱ्या जॉबच्या गठ्ठ्यात राहिलं आणि पुढे कोणी पकडलं नाही, तर पेशंटच्या हातात चुकीच्या डोसचं खोकं पडू शकतं. म्हणून प्रत्येक जॉब बदलताना लाइन क्लिअरन्स असतो, मशीनखालचा, ट्रेमधला, केराच्या डब्यातला आधीचा एकूण एक तुकडा काढून सही करायची, मगच पुढचा जॉब.

आता झालेलं सांगते. काही वर्षांपूर्वी नवीन लागलेल्या एका मुलाने स्वतःहून येऊन सांगितलं की क्लिअरन्स करताना मी फीडरखाली (मशीनमधे कागद सरकवणाऱ्या भागाखाली) बघायला विसरलो वाटतं. महिनाअखेर होती, डिस्पॅचची गाडी दारात उभी. सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्याची अशी काही सालटी काढली की आवाज ऑफिसपर्यंत आला. लॉट तपासला, काही निघालं नाही, गाडी गेली. प्रकरण संपलं असं आम्हाला वाटलं. पण त्यानंतर कित्येक महिने आमच्या रजिस्टरमधे एकही चूक नोंदली गेली नाही, आणि मी मूर्खासारखी खूश होते की काम सुधारलं. मग गिऱ्हाईकाकडून कम्प्लेंट आली, दुसऱ्याच जॉबवर, आणि चौकशीत कळलं की तिघांना ते दिसलं होतं. तिघेही गप्प बसले. का तर "त्या पोराचं काय झालं ते बघितलं होतं ना".

म्हणजे ओरडला एकावर, आणि गप्प झालं अख्खं डिपार्टमेंट.

टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरचा कोणीही माणूस दोरी ओढून गडबड झाल्याचं कळवू शकतो, वेळ पडली तर अख्खी लाइन थांबते, ते लोक त्याला अंदोन म्हणतात. आम्हाला दोरी लावायची ऐपत नाही, पण लाल झेंडी प्रत्येक टेबलावर ठेवली. झेंडी वर केली की मशीन बंद, आणि सुपरवायझरने पहिला शब्द "बरं झालं सांगितलंस" हाच बोलायचा, मग बाकीचं. सुरुवातीला हे नाटकी वाटायचं, दोघं तर दात ओठ खाऊन बोलायचे.

मग पेस्टिंगमधे लागून तीन आठवडे झालेल्या एका मुलीने झेंडी वर केली. तिच्या गठ्ठ्यात दुसऱ्या पट्टीचं एक कार्टन होतं. एकच. पूर्ण लॉट परत सॉर्ट केला, रात्रपाळी लागली, डिस्पॅच एक दिवस लांबलं आणि गिऱ्हाईकाला मालकांनी स्वतः फोन करून कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मालक फ्लोअरवर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाय, तू काल कंपनी वाचवलीस." ती लाजून पेस्टिंग मशीनमागे गेली. त्या आठवड्यात झेंडी चार वेळा वर गेली, त्यातल्या तीन वेळा काही नव्हतं, आणि त्या तीन वेळाही "बरं झालं" म्हणावं लागलं. चटका म्हणतात तो हा.

मग कितीही चुका केल्या तरी माफ?

नाही. सांगितलेली चूक शिकण्यात जमा. लपवलेली, किंवा क्लिअरन्स न करता ठोकलेली सही, ही शिस्तीची बाब. हे आम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो.

जुने सुपरवायझर म्हणतात, आम्हाला कोणी असं गोंजारलं नाही, आम्ही नाही शिकलो?

बरोबरच म्हणतात. त्यांच्या वेळेला पात्रांव (मालक) म्हणेल ते, आणि शिव्या खाल्ल्याशिवाय हात बसत नाही असा समज. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. आमचे एक सुपरवायझर आहेत, रागीट पण कामात वाघ, त्यांना मी फक्त विचारलं की बाब, तुमचा पहिला दिवस आठवतो का. अर्धा तास बोलले. कोणी मुद्दाम चुकीचा पाना आणायला पाठवलेलं, कोणी डबा लपवलेला, सगळं तारीखवार लक्षात. पंचवीस वर्षं झाली होती. मी काही उपदेश केला नाही. पुढच्या सोमवारी नवीन आलेल्या पोराला त्यांनी स्वतःच्या टेबलावर जेवायला बसवलं.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. एक जण शेवटपर्यंत बदलला नाही, त्याच्या हाताखाली आम्ही नवीन माणूस देणं बंद केलं, आणि पुढच्या प्रमोशनला तेच कारण सांगितलं.

हे सगळं परदेशी फॅड आहे, आपल्याकडे कुठे चालतं?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघा. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात, मग औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० मधे कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे त्यांनी शिवाशिव चालू दिली नाही, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी म्हणून ठेवलं. विचार करा, ज्याच्यावर गावाचा विश्वास नाही त्याच्याच हातात कारखान्याची रात्र. बेळगाव आपल्यापासून चोर्ला घाट चढला की आलंच.

कॉन्ट्रॅक्टच्या माणसांना पण हेच सगळं करायचं? ते तर सहा महिन्यांत जातात.

करायचं. वेगळा कप, वेगळं टेबल, वेगळं गेट असलं की तुमची मूल्यं कोणासाठी आहेत ते सगळ्यांना कळतं, पर्मनंट माणसांनाही. आणि सहा महिन्यांत जातात ते का जातात हाही प्रश्न आहेच.

चवथीला (गणेश चतुर्थीला) अर्धा कारखाना रिकामा होतो, नवीन माणूस लागला असेल तर?

चवथ म्हणजे आपल्याकडे रजा मागायची पद्धतच नाही, कळवायची पद्धत आहे. आमची व्यवस्था जुनी आहे, मी यायच्याही आधीची, चवथीला ख्रिस्ती मंडळी ड्युटी ओढतात आणि नाताळात हिंदू. सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनला सासष्टी-बारदेशातले कोण कोण येणार नाहीत ते आधीच यादीत असतं, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण) तर सुट्टीच. हे कोणी मॅनेजमेंटने ठरवलेलं नाही, फ्लोअरवरच जमलेलं आहे, आणि मला विचाराल तर आमच्या कंपनीचं सगळ्यात जुनं मूल्य तेच.

नवीन माणसाला पहिल्याच महिन्यात हा हिशेब सांगतो, म्हणजे त्याला कळतं की आज तू कोणासाठी थांबलास तर उद्या तुझ्यासाठी कोणी थांबणार आहे. ओडिशा-बिहारची पोरं जी चवथीला घरी जाऊ शकत नाहीत, त्यांना कोणी ना कोणी घरी घेऊन जातं. त्याचा मात्र नियम केला नाही. नियम केला असता तर ते बंद पडलं असतं.

उशिराचं काय? नवीन माणूस रोज दहा मिनिटं लेट.

आधी विचारा कुठून येतो. दिवाडी बेटावरची एक मुलगी होती, फेरी चुकली की पुढच्या फेरीपर्यंत नदीकडे बघत बसण्याशिवाय इलाज नाही. तिची शिफ्ट पंधरा मिनिटं पुढे केली, प्रश्न संपला. दुसरा एक होता जो कारखान्यापासून चालत पाच मिनिटांवर राहायचा आणि रोज लेट. त्याला मेमो.

कायद्याने काय काय सांगावं लागतं?

नेमणूकपत्र हातात द्या, कॉन्फिडेन्शियल म्हणून कपाटात ठेवू नका. पहिल्या पगाराच्या आधी पगाराची स्लिप समजावून सांगा, कारण पीएफचे १२ टक्के आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) पाऊण टक्का कापून हातात आलेली रक्कम बघून नव्या माणसाला वाटतं आपल्याला फसवलं. कंपनीही तिच्या बाजूने पीएफला १२ आणि ईएसआयला सव्वातीन टक्के घालते हे सांगितलं की चेहरा बदलतो. मडगावला ईएसआयचं हॉस्पिटल आहे आणि कार्ड घरच्यांनाही चालतं, हे तर अनेकांना वर्षभर माहीतच नसतं.

आणि लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती पाहिजेच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य बाहेरचा, तक्रार ३ महिन्यांच्या आत. कॉन्ट्रॅक्टच्या, ट्रेनी मुलीही त्यात येतात. नुसती नोटीस लावून मोकळे होऊ नका. आमच्या समितीतल्या बाई प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात भेटतात, स्वतःचा नंबर देतात आणि रात्री-अपरात्री फोन चालेल म्हणून सांगतात. तक्रार करायची असेल तेव्हा चेहरा ओळखीचा असावा.

बीचवर नेऊन पार्टी दिली की कल्चर तयार होतं का?

नाही. बियर पिणाऱ्यांचं होतं, ते आधीच होतं. वाळपईची शेवटची बस गाठायची असलेल्या बाईला त्या पार्टीतून फक्त टेन्शन मिळतं. आम्ही दुपारचं जेवण देतो, ड्युटीच्या वेळेत.

जमतंय की नाही हे कळायचं कसं?

मी पहिल्या शुक्रवारी, मग महिन्याने आणि तीन महिन्यांनी नव्या माणसाला भेटते, ऑफिसात नाही, बाहेर आंब्याखाली चहा घेऊन. आवडतंय का असं विचारत नाही, सगळे हो म्हणतात. विचारते की या आठवड्यात कोणाबरोबर जेवलास, नावं सांग. शेवटची शंका कोणाला विचारलीस. आणि असं काय दिसलं जे आपण बोलतो त्याच्या उलट आहे. तिसऱ्याचं उत्तर पहिल्या वेळेला कधीच मिळत नाही, महिन्याने मिळायला लागतं, तीन महिन्यांनंतर कधीकधी थांबतच नाही, आणि त्यातलं निम्मं माझ्याबद्दल असतं.

एखाद्याला हे सगळं पटलंच नाही तर?

झॅपॉस नावाची अमेरिकेतली बूट विकणारी कंपनी नव्या माणसाला ट्रेनिंगच्या काळातच सांगायची की पटत नसेल तर पैसे घे आणि जा, पुढे ती रक्कम २००० डॉलरपर्यंत गेली होती. आपला कार्टनचा धंदा, एवढं कोण देणार. पण काम केलेल्या दिवसांचे पूर्ण पैसे, वेळेवर, तोंड वाकडं न करता, आणि अनुभवाचं पत्र. गोवा छोटा आहे, आज गेलेला माणूस उद्या म्हार्दोळच्या जत्रेत भेटतो, परवा तुमच्या गिऱ्हाईकाच्या परचेसमधे बसलेला असतो.

मालकच पाळत नसतील तर?

तर बाकीचं सगळं वाचून काही उपयोग नाही, फ्रेमच बरी. आमचे मालक एकदा फोनवर गिऱ्हाईकाला "माल निघाला" म्हणाले आणि माल पेस्टिंगलाच होता. शेजारी उभ्या असलेल्या ट्रेनीने ऐकलं, आणि दुपारी मला विचारलं की मॅडम, तिसरं वाक्य मोठ्यांना लागू नाही का. मी ते तसंच्या तसं आत जाऊन सांगितलं, पोटात गोळा आला होता. दोन मिनिटं शांतता. मग त्यांनी फोन उचलून गिऱ्हाईकाला खरी तारीख सांगितली. तो ट्रेनी कोण ते मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी खायला काय देता?

कारखान्याशेजारच्या हॉटेलातून मिक्स भाजी आणि पाव, सोबत एक मिरची भजी, चहा. पाव ताजा पाहिजे, पाव विकणारा पोदेर साडेसातला येऊन जातो तेव्हाचाच घेऊन ठेवायला सांगा. केक मागवायच्या भानगडीत पडू नका, तो कापताना सगळे टाळ्या वाजवतात आणि नवीन माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.